नऊ रिळांचा आवाज

५ जानेवारी २०२५
रामकृष्ण भंगारवाल्याकडून आज गळाचं नववं रीळ मिळालं! फ्रेंच, काळं, अंड्याच्या आकाराचं. बाबा बेतवा नदीवर गळ टाकायला जायचे, त्यांच्या एका रिळापासून हा नाद लागला. आणि गेल्या दीड वर्षात बडा बाजारातल्या त्या एकाच दुकानात एकाच कंपनीची नऊ सापडावीत? नऊही वेगळी. जुन्या बनावटीच्यांना दोरा गुंडाळणारी तार अर्धीच, नंतरच्यांना पूर्ण. कुणाचा दांडा दुमडतो, कुणाचा नाही. झाकणावरची अक्षरंसुद्धा बदलत गेलेली.

तेल द्यायला उघडलं तर काठीला बसणाऱ्या पायाच्या आतल्या बाजूला कानशीने काढलेल्या बारीक रेघा. मोजल्या, सहा. मग कपाटातली बाकीची काढली. एकावर एक रेघ, एकावर दोन, तीन... एक ते नऊ, सगळे आकडे हजर!
म्हणजे ही सगळी एकाच माणसाची. आणि तो ती अशी एकेक करून का विकतोय?

६ जानेवारी
ड्यूटीवरून सुटल्यावर रामकृष्णला विचारलं. आधी टाळाटाळ. मग म्हणाला, "एक माताजी दे जाती हैं, दीदी. खंडेराव गेट के पास रहती हैं. आप ही जैसी बोली बोलती हैं."
मराठी! इतक्या जवळ!

७ जानेवारी

पाचच्या सुमाराला घर सापडलं. दारावर पाटी – कमलाकर, निवृत्त, रेल्वे. कडीला हात लावणार, तोच आतून रीळ फिरवल्याचा आवाज आला. टिक टिक टिक – टक. टिक टिक टिक – टक.
तीन रेघांचं रीळ! त्याचा खटका झिजलाय, दर चौथ्याला जड पडतो. दुसऱ्या कुठल्याही रिळाचा असा आवाज होणं शक्य नाही. आणि ते तर माझ्या कपाटात आहे.
दार न वाजवताच परतले. रिक्षात बसून सारखं वाटत होतं – कपाट उघडेन आणि ती जागा रिकामी असेल.
रीळ जागेवर होतं. फिरवलं. तोच आवाज.

८ जानेवारी
दिवसभर धुकं. कामावर स्टोअरमध्ये दोनदा चुकीचे सुटे भाग दिले.

१२ जानेवारी
रविवार. धीर करून गेलेच.
दार एका म्हाताऱ्या बाईंनी उघडलं. शशिकलाकाकू. मी काही बोलायच्या आत ओठांवर बोट ठेवलं आणि मला आत घेतलं. पलंगावर कमलाकरकाका. उजवी बाजू गेलेली, दिसत नाही, शब्द मोजकेच आणि तेही अडखळत. डोळे मात्र सताड उघडे, छताकडे.
पाचच्या ठोक्याला काकांनी डाव्या हाताचं बोट वर केलं. काकू उशाशी बसल्या, रिकामी मूठ हवेत गरगर फिरवायला लागल्या, आणि जिभेने – टिक टिक टिक – टक!
"ती...न," काका म्हणाले.
"बरोब्बर!"
रिकाम्या मुठीतून आवाज येतोय असंच वाटत होतं. नऊच्या नऊ झाली. मी जागची हलले नाही.

स्वैपाकघरात काकू कुजबुजल्या, "औषधपाण्यासाठी विकली हो. काय करणार! रोज पाच वाजता ऐकायची सवय त्यांना. त्यांना वाटतं, सगळी कपाटात आहेत. सांगू नका."
ती माझ्याकडे आहेत म्हटल्यावर माझा हात घट्ट धरला. मला वाटलं रागावल्या.
"सगळी? मग एकदा मला ऐकवशील का गं? विसरत चाललेय मी. जीभ चुकते."

१९ जानेवारी
ठरवून टाकलं होतं, परत द्यायची. नऊही पिशवीत घालून नेली. काकू नको नको म्हणत होत्या, डोळे मात्र पिशवीवरच!
पाच वाजले. काकांनी बोट वर केलं. तिसरं रीळ मी त्यांच्या कानाशी नेऊन फिरवलं.
त्यांचा चेहरा एकदम दगडासारखा झाला.
"हे... नाही."
पुन्हा फिरवलं. पहिलं फिरवलं. पाचवं फिरवलं.
"नाही. शशी... तू."
काकूंनी माझ्याकडे बघितलं, रिकामी मूठ उचलली आणि जिभेने आवाज केला. काका हसले! "तीन."
खरं रीळ माझ्या हातात आणि तेच खोटं ठरलं. भीती वाटली, कशाची ते कळत नाही. रिळं त्यांच्या कपाटात ठेवून निघाले. काकू दारापर्यंत आल्या, लाजून म्हणाल्या, "माझंच खरं वाटतं गं त्यांना आता."
घरी येऊन बाबांचं रीळ फिरवलं. तेही परकं वाटलं.

२ फेब्रुवारी
रोज पाच वाजले की कान आपोआप टवकारतात. कामावरसुद्धा.

११ फेब्रुवारी
शशिकलाकाकू परवा गेल्या. पूजेला बसल्या होत्या, बसल्या जागीच. नागपूरहून पुतण्या मिलिंद आलाय. काकांना त्याने कालच सांगितलं.
मी पलंगाशी बसले होते. पाच वाजले. बोट वर झालं. मी कपाटाकडे बघितलं, उठवेना.
मग काकांच्याच तोंडून – टिक टिक टिक. एकापासून नऊपर्यंत, ओळीने. काकूंसारखी नव्हेत, हुबेहूब खऱ्या रिळांसारखी.
"काका! म्हणजे रिळं विकल्याचं तुम्हाला ठाऊक होतं?"
काकांनी बोट खाली घेतलं.
"आठवं... तिला कधीच जमलं नाही."