झिपऱ्यांशी आप्पांची बारी

आप्पा, तुमचे ते झिपरे काल आपल्या घरी आले होते. आपल्या म्हणजे बोरिवलीच्या, माझ्या मुलाच्या घरी. तुम्ही हे घर बघितलेलं नाही. सातवा मजला, खिडकीतून नॅशनल पार्कचं रान दिसतं, माकडं येऊन माझा कढीपत्ता ओरबाडून जातात, पण ते राहू दे. झिपरे आले ते माझ्या नातीच्या पोटावर बसून. तिनं नवा टी-शर्ट आणला, काळाकुट्ट, आणि त्याच्यावर ते चौघे, तस्सेच, केस खांद्यापर्यंत, तोंडं अशी की घरात कुणी जेवायला घातलेलं नाही. मी वाल सोलत बसले होते. म्हटलं, "अगं, हे तर आमचे झिपरे!" ती बघतच राहिली. "आजी, तू ह्यांना ओळखतेस? रॉक बँड आहे हा. वर्ल्ड फेमस." म्हटलं, "असेना. माझ्या हाताखालून खोकेच्या खोके गेलेत ह्यांचे." त्यांचं खरं नाव तिनं मला पुन्हा पुन्हा म्हणून दाखवलं, पण माझ्या जिभेला ते काही वळलं नाही, आणि तुम्हाला तरी नाव काय करायचंय? तुमच्या-माझ्यात ते झिपरेच. तेव्हापासून हात शिवशिवतोय, म्हणून लिहायला बसले. अक्षर चौथीतलंच आहे, पुढे वाढलेलं नाही, सांभाळून घ्या.

गिरणी बंद पडली तेव्हाचे तुम्ही माझ्या डोळ्यासमोर आहात. घाटकोपरच्या टेकडीवरची आपली खोली, आणि तुम्ही उंबऱ्यात बसलेले. खालून पाण्याच्या कळश्या घेऊन बायका वर येतायत, तुम्हाला म्हणतायत, "आप्पा, पाय घ्या जरा," आणि तुम्ही पाय घेताय, परत सोडताय. तुमचं भजनी मंडळ सगळं गिरणीतलंच. कुणी गावाला गेलं, कुणी नाक्यावर भाजी घेऊन बसलं, बुवा तर पेटी उचलून मालवणला गेले ते परत आलेच नाहीत. तुम्ही पखवाज गवसणीत घालून खुंटीला टांगलात. आधी आई त्या पखवाजावर किती करवादायची! त्याच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापावी लागते ना, त्याशिवाय तो घुमत नाही, आणि वाजवून झालं की ती खरवडून काढायची. कणीक मळायचं काम माझं. फार घट्ट नको, फार सैल नको, तुम्ही बोटानं दाबून बघायचात आणि मगच मान हलवायचात. आई म्हणायची, "माणसांका पीठ पुरत नाय आणि ह्यांच्या पखवाजाक चपाती व्हयी!" पण तो खुंटीला गेल्यावर तीच मागे लागली, "वाजवा जरा, घरात मयत झाल्यासारख्या वाटता." तुम्ही एवढंच म्हणालात, "कोणासाठी वाजवू? गाणारो खंय आसा?"

मग मला अंधेरीला काम लागलं. चाळीतल्या एका मावशीनं लावून दिलं. एका इंडस्ट्रियल इस्टेटीत गाळा होता, तिथे कॅसेटी भरायच्या. आम्ही सगळ्या बायकाच. कुणी टेप गुंडाळतंय, कुणी स्क्रू मारतंय, कुणी चिठ्ठ्या चिकटवतंय, आणि तोंडं अखंड चालू. मला बसवलं चेकिंगला. कानाला हेडफोन लावायचा, कॅसेटची सुरुवात ऐकायची, दोन्ही कानांत आवाज आला की फर्रकन पुढे पळवून शेवटचं टोक ऐकायचं, की झाली पास. मधलं ऐकायचं नाही. मधलं ऐकत बसलीस तर खोका कधी भरणार, असं सुपरवायझर बाई म्हणायची. अभंग असो, सिनेमाची गाणी असोत, मला सगळ्यांची डोकी माहीत आणि शेपट्या माहीत, धड कुणाचंच नाही.

एक दिवस झिपऱ्यांचा खोका आला. मी नेहमीसारखा हेडफोन लावला आणि दचकून काढूनच टाकला. परत लावला. आधी नुसता ढोल. दुसरं काहीच नाही. असा जाड, असा खोल, की बसल्या जागी पोटात घुमला. मी शेजारणीला म्हटलं, "अगं, ह्या गोऱ्यांनी पण कणीक लावलीय!" ती म्हणाली, "तुला भूक लागलीय, डबा खा." सगळ्या फिदीफिदी हसल्या. पण आप्पा, मला खरंच तसं वाटलं होतं. वाटलं, तिकडे विलायतेत कुणाची तरी पोरगी कणीक मळत बसली असेल आणि तिची आई ओरडत असेल. दिवसभर तोच खोका होता. दिवसभर तीच सुरुवात, तीच सुरुवात. बसमध्ये बसले तरी बोटं मांडीवर चालूच. कंडक्टर म्हणाला, "ताई, तिकीट घ्या, मग वाजवा."

घरी आले तर तुम्ही उंबऱ्यात. मी चप्पल काढली, पिठाचा डबा ओढला आणि त्याच्यावर वाजवून दाखवलं. तुम्ही आधी बघितलंच नाहीत. मग मान वळवलीत. "ह्या खंयचा गो?"

"विलायतेचं आहे आप्पा. झिपरे आहेत चार."

"परत वाजव." मी परत वाजवलं. "फुडे काय?"

"पुढचं आम्ही ऐकतच नाही. आवाज येतोय का बघायचं आणि ठेवून द्यायचं."

तुम्ही मोठ्यानं हसलात. गिरणी बंद झाल्यापासून ते हसू मी ऐकलं नव्हतं. म्हणालात, "म्हणजे हेंनी सवाल टाकल्यानी आणि जबाब देवचो कोणी?" आणि उठून खुंटीवरचा पखवाज काढलात. आई स्टोव्हपाशी होती. परातीतला कणकेचा एक गोळा तोडून तिनं माझ्या हातात दिला. एरवी बोंबलली असती.

नातीला हे सांगताना मला डबलबारी काय ते सांगावं लागलं. तिला वाटलं दोन बार, हॉटेलातले. म्हटलं, नाही गं बाई, दोन बुवा समोरासमोर बसतात, आपापली मंडळी घेऊन, आणि भजनाची झुंज लागते. एकानं बारी करायची, सवाल टाकायचा, दुसऱ्यानं उठून त्याला तोडीस तोड द्यायचं, गाव रात्रभर बसून ऐकतं. तुम्ही झिपऱ्यांना समोरचे बुवा धरलंत. रोज मी आले की डब्यावर त्यांची सुरुवात वाजवायची, आणि जिथे मी थांबेन तिथून तुम्ही उचलायचं. पहिले काही दिवस जमेना. तुमचं पुढचं भजनासारखं व्हायचं, तुम्हीच मान झाडायचात. "बाय, ह्या तेंका लागायचा नाय." मग हळूहळू त्यात कायतरी वेगळंच शिरलं. भजनाचं नाही, त्यांचंही नाही. शेजारपाजारचे दारात जमायला लागले. तुम्ही वाजवता वाजवता वर बघून ओरडायचात, "घे रे झिपऱ्या, आता काय करतलंस?" आणि पोरं टाळ्या पिटायची. आईला मी पहिल्यांदा बघितलं, चपाती लाटता लाटता लाटणं तालावर पडतंय. विचारलं तर म्हणे, "माका काय कळता तुमचा?" तुम्ही तोंड धुवायला लागलात वेळेवर. एका मेडिकलवाल्याकडे वॉचमनची नोकरी पण धरलीत. मला वाटतं, ती झिपऱ्यांनीच लावली.

दिवाळीच्या आधी सुपरवायझर बाईनं मला त्यांची एक कॅसेट दिली. डबी तडकलेली होती, बाजारात जाणारी नव्हती. चाळीत एका बाईचा नवरा आखातात होता, तिच्याकडे टू-इन-वन होता, मोठा, सुटकेसएवढा. मी तिला विचारून ठेवलं आणि नाचत घरी आले. "आप्पा, चला, आज पुरं ऐकूया." तुम्ही कॅसेट हातात घेतलीत, उलटीपालटी केलीत, चौघांची तोंडं बघितलीत. म्हणालात, "पोरा बारीक आसत गो. जेवतत की नाय?" आणि मला परत दिलीत. "समोरच्या बुवाक इचारून जबाब देतत काय? आधी माझी बारी पुरी होवंदे. मगे हेंचा ऐकूया."

मी रुसले होते त्या दिवशी. आता वाटतं, रुसायच्या ऐवजी मी तो टू-इन-वन उचलून आपल्या खोलीत आणायला हवा होता. त्याला लाल बटण होतं, दाबलं की आवाज भरून घ्यायचा. ती बाई नवऱ्याला बोलून पाठवायची त्याच्यावर, पोरांच्या खोड्यांपासून भाजीच्या भावापर्यंत. तिनं नाही म्हटलं नसतं. आणि मी कुठे काम करत होते, बघा ना! दिवसभर माझ्या पायाशी कोऱ्या टेपचे तुकडे पडलेले असायचे, झाडूवाली गोळा करून टाकून द्यायची. अख्ख्या मुंबईचं गाणं माझ्या हातावरून गेलं, आणि आपल्या खोलीतलं गाणं मी कुणाच्या हातावर ठेवलं नाही. सुचलंच नाही हो. रोज वाजतंय, उद्याही वाजेल, भरून कशाला ठेवायचं? पाऊस काय कुणी बाटलीत भरतं?

पुढच्या गणपतीच्या आधी एका संध्याकाळी तुम्ही शेवटची थाप मारलीत आणि पखवाजावर हात पालथा ठेवलात. "झाला. आता गावाक गणपतीसमोर वाजवतंय, आणि परत इल्यावर तुझ्या झिपऱ्यांचा ऐकूया. बघूया कोण जिकता." माझ्या नाकाला हात लावलात, मी केवढी घोडी झाले होते तरी. मला यायचं होतं तुमच्याबरोबर. सुट्टी मिळाली नाही. गणपतीत आरत्यांच्या कॅसेटी खपतात, गाळा दोन पाळ्यांत चालू होता. तुम्ही गावाला गणपतीपुढे वाजवत होतात तेव्हा मी अंधेरीला बसून प्रत्येक आरतीची नुसती पहिली ओळ ऐकत होते.

गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी तार आली. आम्ही पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. माजघरात तुमचा पखवाज भिंतीला टेकून ठेवलेला. डाव्या तोंडावर कणीक तशीच, वाळून तडकलेली, एका बाजूनं उंदरानं चामड्यासकट कुरतडलेली. तुम्ही खरवडल्याशिवाय कधी झोपला नव्हतात. काकांना मी विचारलं, आप्पांनी काय वाजवलं? काका म्हणाले, "आरती झाल्यार कायतरी येगळाच वाजवल्यान. आमका काय कळाक नाय. पण पोरा नाचाक लागली." मी म्हटलं, कसं वाजवलं, जरा दाखवा ना. काका बिचारे म्हणाले, "तसला काय ध्यानात ऱ्हवता गो?"

ती कॅसेट मी लावलीच नाही कधी. आपण दोघांनी मिळून ऐकायची ठरली होती, एकटीनं कशी ऐकू? लग्नात ती माझ्या ट्रंकेत होती, मग घरं बदलता बदलता कुठे गेली कळलं नाही. म्हणजे बघा, काल नातीनं फोन पुढे केला तेव्हा मी पहिल्यांदा त्या गाण्याचं धड ऐकलं. सुरुवात आली तशी मी मांडी ठोकायला लागले, ती किंचाळली, "आजी, यू रॉक!" आणि मग, आप्पा, मध्ये ढोल नाहीच. तुम्ही जिथे हात तुटेपर्यंत वाजवायचात तिथे ढोलवाला गप्प बसलाय. नुसता एक जण हळू आवाजात गातो, तारा वाजतात, बस्स. मी म्हटलं, हात मेल्या, जागा सोडून दिलीस! मला इतकं हसू आलं की वालाचं ताट सांडलं. आणि लगेच वाटलं, तुम्ही असता तर काय म्हणाला असतात? जिंकलो म्हणाला असतात, की त्या गप्प बसण्यालाच दाद दिली असतीत? मला दोन्ही पटतं. विचारायला तुम्ही नाही.

नात म्हणाली, "मग पणजोबांचं वाजवून दाखव ना." जेवायच्या टेबलावर मी वाजवलं. सुरुवात झिपऱ्यांची, आणि पुढचं. तिनं फोनमध्ये भरून घेतलं, बापाला पाठवलं, मैत्रिणींना पाठवलं, खाली लिहिलं की हे माझ्या पणजोबांनी बसवलेलं. सगळ्यांचे अंगठे आणि बदाम आले. मुलगा ऑफिसातून आला तो थेट माझ्यापाशी, डोळे भरलेले. म्हणाला, "आजोबांचं काहीतरी राहिलं आई आपल्याकडे."

हा कागद तुम्हाला मिळायचा नाही, आणि मी कुणाला दाखवणारही नाही, म्हणून लिहिते. आप्पा, ते तुमचं नव्हतं. तुमच्या सुरुवातीच्या चार थापा आल्या आणि पुढे सगळं कोरं. हात थांबवले असते तर पोरीला कळलं असतं, म्हणून वाजवत राहिले, जे आलं ते. ती आता ते रोज लावते, आणि मी समोर बसून मान हलवते.