टेबल बाई काहून?

१२ जुलै १९९९
फ्रेंच घेतलं! अकरावीच्या फॉर्मवर 'मराठी' खोडलं अन् लिहून टाकलं. हिंगोलीत आमच्या कॉलेजात यंदाच सुरू झालंय. कारकून म्हणाले, "तांड्यावरची ना तू? झेपंल का?"
झेपंल. न्हाई झेपलं तर माझं मी बघीन.

१९ जुलै
फ्रेंचचे सर पुण्यात शिकलेले. सगळे डी. आर. सर म्हणतात. बोलणं एकदम पुस्तकातलं. फळ्यावर लिहिलं – ला ताब्ल. टेबल, स्त्रीलिंगी.
मी उठले. "सर, टेबल बाई काहून?"
वर्ग फुटला नुसता! सर हसले नाहीत. म्हणाले, "काहून नाही, का. आणि कारण नसतं. पाठ करायचं."

२० जुलै
शेजारी बसणारी शबनम म्हणाली, "तू बराबर विचारलं." तिच्या घरच्या बोलीत दोनच लिंगं. आमच्या बंजाऱ्यांच्या गोरमाटीतही दोनच. मराठीतलं तिसरं शिकताना शाळेत किती छड्या खाल्ल्या – ते झाड, ते दार! फ्रेंचमध्ये परत दोनच. हसणाऱ्यांपेक्षा मला सोपं पडून राहिलंय. हसा म्हणावं.

२९ जुलै
फ्रेंच लोक आईला 'तू'च म्हणतात. आमी पण याडीला तूच म्हणतो.

५ ऑगस्ट
आज भूतकाळ. 'गेली' लिहिताना बाईसाठी शेवटी एक अक्षर जास्त. 'खाल्लं'ला मात्र नाही. मागच्या बाकावरचा नरसिंग म्हणाला, "असं काहून, सर?" त्याचं 'काहून' चाललं!
सर म्हणाले, नियम आहे.
मला राहवेना. मी म्हणाले, "सर, आपल्यातही तसंच की. शबनम गेली, नरसिंग गेला. पण शबनमनं खाल्लं, नरसिंगनंही खाल्लं. जाणारा बदलला की गेली-गेला होतं. खाणारा बदलला तरी खाल्लं ते खाल्लंच."
मागून कोणीतरी ओरडलं, "सर, आता तांडा शिकवून राहिला!"
सर ओरडणाऱ्याला काही बोलले नाहीत. मला म्हणाले, "बाहेर. पालकांना आण. मराठी घे, संगिता. तुला ते बरं पडेल."
मी रडले नाही. वर्गात तरी नाही.

६ ऑगस्ट
खिडकीबाहेर उभी राहून तास ऐकला. पाय भरून आले. शबनमनं पुस्तक खिडकीत उघडं धरलं – मला दिसावं म्हणून. सरांनी पाहिलं. खिडकी लावली नाही.

१० ऑगस्ट
याडी आली. आरशांची काचोळी, ओढणी, हातभर बांगड्या. फाटकापाशी पोरं बघत होती. मी तिचा हात धरून मधोमध चालले.
सर म्हणाले, "बाई, हिला हा विषय अवघड जाईल." याडी घाबरली. माझ्याकडं वळून गोरमाटीत म्हणाली – पोरगी नापास होईल का, विचार त्यांना.
मी मराठीत सांगायला तोंड उघडलं. त्याआधीच सर बोलले.
"याडी, तारी छोरी हुशार छ."
तुझी पोरगी हुशार आहे. गोरमाटीत! आमच्या घरातल्यासारखं, जराही न अडखळता.
याडीनं त्यांच्या तोंडावरून हात फिरवला. विचारलं, कोणत्या तांड्याचा रे तू? सरांचे डोळे भरले. तांड्याचं नाव काही सांगितलं नाही.
निघताना हळूच म्हणाले, "उद्यापासून बस वर्गात. पण हे तिथं बोलू नकोस."
मी म्हणाले, "तुमचं न्हाई सांगणार, सर. माझं सांगणार."