आईची काजं

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर आपण दोघं भांडतो आणि मुद्दा राहून जातो, म्हणून पत्र.

शुश्रूषागृहानं कळवलंय की आईला आता देखभालीच्या दुसऱ्या वर्गात ठेवून भागणार नाही. रात्री उठते, दारं उघडत हिंडते, परवा जिन्याच्या कठड्याशी सापडली. तिसऱ्या वर्गात उशाशी कायम माणूस असतो, पैसेही त्याच मापाचे. माझं मोटार-वाइंडिंगचं दुकान विकलं तर वर्ष-दीड वर्ष निघेल. म्हणून मदतनिधीकडे अर्ज केला होता. त्यांचा नियम असा, की माणसाला स्वतःचे कपडेही घालता येत नसतील तरच मदत. मुलाला ओळखतो की नाही, हे ते विचारत नाहीत. (तिच्या लेखी मी सध्या 'मेकॅनिक' आहे. पंखा नीट झाला का, म्हणून विचारते.)

काल तपासनीस बाई आल्या. आईच्या हातात सदरा दिला. आईनं घातला, बटणं लावली, वर कॉलर बसवली. मग बाईंच्या कोटाचं एक बटण लोंबत होतं, तिकडे तिचं लक्ष गेलं. सुई मागितली. बटण काढून नव्यानं लावलं, खाली दोऱ्याचे वेढे देऊन बटणाला मान केली, गाठ मागच्या बाजूला. आयुष्यभर शिंप्यांची काज-बटणं केलेले हात ते. मला राहवलं नाही. बाईंना म्हटलं, असं काम गावभर शोधून मिळायचं नाही.

बाईंनी मान डोलावली आणि लिहिलं, 'स्वतः करतात.' आज उत्तर आलं. अपात्र. तीन महिन्यांनी पुन्हा अर्ज करा म्हणे.

मेव्हण्यांना नमस्कार. लोभ आहेच, तो तपासायला कुणी येऊ नये.

तुझा,
खटपट्या

१९ मार्च

चि. खटपट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुला मोटारीचं वाइंडिंग कुणी शिकवलं नाही, हे आम्हांला लग्नाआधीपासून पाठ आहे. पण गप्प बसायलाही कुणी शिकवलं नाही, हे नव्यानं कळलं. अरे, परीक्षेत नापास व्हायचं होतं, आणि तू टाळ्या वाजवत बसलास!

आणि एक सांगू? सगळं आपलं आपण आलं म्हणतोस, पण शिलाई-मशीनच्या पायाशी बसवून सुईत दोरा ओवायला तुला आईनंच लावलं होतं. 'वेढ्याला वेढा चिकटून हवा,' हे ती म्हणायची. पुढे तू तेच तांब्याच्या तारेला म्हणायला लागलास.

यांची नोकरी पावसाळ्यापर्यंतच आहे. मी पाठवते ते पाठवत राहीन, त्याहून जास्त माझ्याच्यानं होणार नाही.

आता लिहिते ते वाचून मला शिव्या दे. तू तिला काजांचं कापड करून दिलंस ना, दिवसभर बटणं लावत-काढत बसते ते? काढून घे. तीन महिने हातांना काही मिळालं नाही तर बोटं विसरतील. जिन्यावरून पडण्यापेक्षा ते बरं.

भाच्यांना पापा. राग धरलास तरी पत्र धाड.

तुझी,
ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न.

शिव्या दिल्या नाहीत. सांगितलंस तसं केलं. कापड सोमवारी दुपारी काढून घेतलं. संध्याकाळपर्यंत ती चादरीच्या कडेला काज शोधत होती. मग माझ्या बाहीला. मग नुसतीच हवेत, दोन बोटांत काहीतरी धरल्यासारखी. आया म्हणाली, साहेब, देऊन टाका. दिलं. मला नाही जमत, ताई. मोठी वाइंडिंग मशीन विकली, दोन महिन्यांची सोय झाली. तेवढ्यापुरतं तिसऱ्या वर्गात हलवलंय.

तुझा,
खटपट्या

१४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दोन महिने तुझं पत्र नाही. रागावली असशील, किंवा लिहिण्यासारखं काही नसेल. माझ्याकडे आहे. मदत मंजूर झाली.

त्यातून तिसऱ्या वर्गाचा निम्मा खर्च भागेल. उरलेल्यासाठी दुकान जाईलच. डॉक्टर म्हणतात, याच्या पुढे चौथा वर्ग आहे, तिथं घासही भरवावा लागतो. त्याचे पैसे कुठून, हे मला विचारू नकोस, मी तुला विचारत नाही.

त्याच बाई आल्या होत्या, त्याच कोटात. कापड शेवटपर्यंत आईकडेच होतं, तरी झालं ते झालंच. सदरा हातात दिला. तिनं बटण चिमटीत धरलं, उलटसुलट केलं आणि तोंडात घातलं. मी काढलं. पुन्हा धरलं, आणि काजाकडे पाहत राहिली. आपल्याला हेच हवं होतं ना? आणि ताई, मी पुढे वाकून तिला सांगायला लागलो, की आधी अर्धं आत सार, मग अंगठ्यानं ओढ. बाई म्हणाल्या, मदत करायची नाही. मी तरी सांगत होतो. शेवटी मीच लावून दाखवलं.

ती माझ्या बोटांकडे बघत होती. म्हणाली, "तुम्हाला छान येतं हो. कुणी शिकवलं?"

सवयीनं तोंडातून गेलं, "कुणी नाही. आपलं आपणच."

"हुशार आहात," ती म्हणाली.

बाईंनी तेवढ्यात कागदावर खूण करून तो मिटला. ते शब्द परत घ्यायला मला वेळच मिळाला नाही. नंतर दोनदा सांगितलं तिला, तूच शिकवलंस. ती पंख्याचं विचारत होती.

लोभ असू दे. वाढला नाही तरी चालेल, आहे तेवढा पुरव.

तुझा,
धाकटा