ब्रायलीचा दुसरा धक्का

३ एप्रिल
रोजनिशी जानेवारीत सुरू करणार होतो. वही आणायला निघालो, वाटेत एका जत्रेत पाळणा फिरवायचं काम मिळालं, थंडी तिथेच संपली. असो. मुक्काम सध्या ओक्लाहोमात, ताईच्या गॅरेजमध्ये. ताईची एकच अट आहे, राहायचं तर ब्रायलीचे चेंडू झेल. ब्रायली माझी भाची, तेरा वर्षांची, गावच्या मुलींच्या सॉफ्टबॉल संघात पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी. इथे पिचरचा बाप उलट्या बादलीवर बसून सराव घेतो. हिचा बाप तेलविहिरीवर गेला तो तिकडचाच झाला. म्हणून बादली माझ्याकडे. बुडावर गोल वळ उठला आहे.

४ एप्रिल
हिची पद्धत बघवत नाही. हात खालून गोल फिरवायचा, उजव्या पायाने रबरी फळीवरून अंग पुढे ढकलायचं, आणि तो पाय मग मातीत फरफटत आणायचा. मेलेलं जनावर ओढल्यासारखा. किळस आली.
मी सांगितलं, पाय उचल, हातभर पुढे रोव, तिथून पुन्हा ढकल आणि मग चेंडू सोड. चेंडू असा आला की माझा अंगठा सुजला. शाळेत न जाता शोध लागतात ते असे.
ब्रायलीने विचारलं, मामा, हे चालतं का? म्हटलं, अभ्यास करून सांगतो.

६ एप्रिल
अभ्यास केला. नियमांचा व्हिडिओ अर्धा पाहिला. मग शेजारी मगर पकडणाऱ्याचा दिसला, तो पूर्ण पाहिला. ब्रायलीला सांगितलं, चालतं.

१९ एप्रिल
पहिला सामना. मैदान म्हणजे उकिरडा. जो तो सूर्यफुलाच्या बिया चघळून टरफलं थुंकतो, पोरीसुद्धा.
अंपायर ओपल स्टकी, पूर्वी टपाल वाटायची. गुडघ्याला पट्टा. ब्रायलीने चेंडू टाकला की ही डावा हात आडवा करून मूठ वळायची. मला वाटलं खांदा धरला. मी ओरडून सांगितलं, आजींना कुणीतरी दवाखान्यात न्या. शेजारचा बाप थुंकून म्हणाला, अरे बाबा, तुमचा चेंडू बेकायदा ठरवतेय ती, प्रत्येक मुठीला समोरचीला एक बॉल फुकट, चार झाले की ती चालत बेसवर. टरफल माझ्या बुटावर.
समोरच्या पोरी बॅट न हलवता चालत बेसवर गेल्या. हरलो. उघडउघड पक्षपात.
नंतर ओपलबाई ब्रायलीला म्हणाली, बाळा, फळीवरून एकदाच ढकलायचं. पाय पुढे रोवून पुन्हा ढकललंस की तू बाकीच्यांपेक्षा जवळून टाकतेस, ही लबाडी झाली. ब्रायलीने माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या नाचोजकडे पाहिलं. त्यावरचं चीज रंगाच्या डब्यातून काढल्यासारखं. तरी संपवलं.

२६ एप्रिल
दोष मातीचा. इथली लाल माती चुगलखोर आहे. पाय रोवला की खड्डा पडतो, तो म्हातारीला दिसतो. उपाय सोपा. सराव गॅरेजमध्ये, गालिच्यावर. तिथे खड्डाच पडत नाही, म्हणजे चूकही नाही. सामन्यात प्रत्येक डावानंतर मी स्वतः दाताळं घेऊन जाणार.

३ मे
गेलो. खड्डा असा बुजवला की कुणाला शंका येऊ नये. ओपलबाई शांतपणे म्हणाली, खड्डा बुजवलास, तिचा पाय कुठे बुजवणार? सगळे लोक टरफलं थुंकायचं थांबवून हसले.
मूठ डाव संपेपर्यंत खाली आली नाही. कोच मार्लिस सगळ्यांदेखत म्हणाल्या, पुढच्या शनिवारी पुन्हा मूठ दिसली तर ब्रायली राइट फील्डला, मैदानाच्या उजव्या टोकाला जाईल, आणि जूनच्या राज्य स्पर्धेत पिचिंग शेल्बी करेल. शेल्बीचा चेंडू वाटेत विश्रांती घेत येतो. पण पाय फरफटतो ना, मग तिचं कौतुक. शिसारी आली या खेळाची.

६ मे
ब्रायलीला म्हटलं, बरं, शनिवारपुरता जुना पाय काढ. तिने बराच वेळ प्रयत्न केला. मग बादलीशी येऊन बसली, म्हणाली, मामा, मला जुना पाय आठवतच नाही.
माझं शिकवणं पक्कं बसतं हे यावरून सिद्ध होतं. पण तिचं तोंड पाहून सांगावंसं वाटलं नाही. बुटांचा दोष असेल असं म्हणालो.

९ मे
जेवताना ताई म्हणाली, तू जन्मभर एका जागी पाय टेकला नाहीस, दर वेळी उचलून पुढे रोवलास. माझ्या पोरीलाही तेच शिकवलंस ना रे? माझ्या तोंडात भेंडी होती. तळलेली, गार, तेलकट. या घरात काहीच धड नाही.

१० मे
पहिल्या चेंडूला मूठ. दुसऱ्याला मूठ. ब्रायली स्वतःच चेंडू शेल्बीच्या हातात देऊन राइट फील्डला गेली. तिथे चेंडू जात नाही. उरलेला सामना ती गवतात उभी होती.  गाडीत मी रेडिओ लावला नाही, लावावासा वाटत होता.

११ मे, सकाळ
रात्रभर विचार करून ठरवलं. हे गाव माझ्या पद्धतीच्या लायकीचं नाही. ब्रायलीला पलीकडच्या जिल्ह्यातल्या संघात घालायचं, जिथले अंपायर कामापुरतंच बघतात. आजच तिला सांगतो. ती खूश होईल.

जरा वेळाने
फाटकाशी गाडी थांबली. ओपलबाई. चक्क घरी. माफी मागायला आली असणार, पक्षपात मनाला खात असतो. शर्ट चढवला, केस ओले केले. जरा वाट बघायला लावावी म्हणून पडद्याआडूनच बघतोय.
ब्रायली आधीच अंगणात आहे, बूट घालून, चेंडू घेऊन. म्हणजे हिनेच फोन केला होता. ओपलबाईचा हात धरून तिला फाटकाची पायरी उतरवतेय आणि हळू आवाजात सांगतेय, मामा उठायच्या आत सराव सुरू करूया.