महिना कुणाचा

बुदाई, १४ ऑक्टोबर

प्रिय शुनदादा,

तू, ली-चूवहिनी आणि पोरी खुशाल असाल. आम्ही दोघी ठीक आहोत. पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोनवर बोलता येत नाही म्हणून लिहितेय. आई सकाळी काय खाल्लं ते विसरते, पण कान असे तिखट की मी मोरीत जाऊन कुजबुजले तरी बाहेरून ओरडते, "कुणाला माझ्या चुगल्या सांगतेस गं?"

थंडी अजून पडलेली नाही. कालवं यंदा बारीक आहेत. शेजारच्या गिममावशीने पाटीभर आणून दिली, ती आईने बसल्या बसल्या सोलून टाकली. हात काही विसरलेले नाहीत. गुडघे दुखतात. माझंही बरं चाललंय.

तुला माझा धंदा कधी कळला नाही, आणि तुझं चुकत नाही, मलाही धड कळत नाही. कथा लिहिली असती तर बरं होतं, काहीही ठोकून देता आलं असतं. मी पडले खरं लिहिणारी. आपल्याकडे खऱ्या लिखाणाला मासिकं विचारत नाहीत, मग उरतात जिल्ह्याजिल्ह्यांच्या स्पर्धा. मिठागरांच्या जिल्ह्याला मिठावर लेख हवा, चहावाल्यांना चहावर, अननसवाल्यांना अननसावर. वर अट अशी की त्या जिल्ह्यात जन्म, शिक्षण नाहीतर नोकरी तरी झालेली हवी. मी जन्माला एकदाच आले, करू काय? तरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर शेवटच्या तारखांना लाल गोल करून मी पाठवत राहिले. पाठ्यवृत्त्यांना अर्ज केले. लेखक-निवासांना केले. एका परीक्षकाने शेरा दिला, "लेखिकेने विषयापासून थोडं अंतर राखायला हवं." विषय म्हणजे आई. अंतर कुठून आणू? आम्ही एकाच खोलीत झोपतो.

तर सांगायचं असं की माझी निवड झालीय. पूर्व किनाऱ्यावर डोंगराच्या कुशीत एक लेखक-निवास आहे. डिसेंबर आणि जानेवारी. खोली, टेबल, दोन वेळचं जेवण, आणि कुणी हाक मारायची नाही असा तिथला नियम! मी आईवर लेख पाठवला होता, तो त्यांना आवडला. यायचं मात्र एकटीने. तारीख पुढे ढकलता येत नाही. महिनाअखेर होकार कळवला नाही तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाते. किती वर्षं मी त्या यादीत "पुढची" होते!

दादा, दोन महिने आईला नेशील?

काळजीवाहू बाई ठेव असं म्हणू नकोस, तेही करून पाहिलं. सरकारी परवानगीसाठी आईला भान राहत नाही असा डॉक्टरच्या चाचणीचा दाखला लागतो. आई त्या दिवशी केस विंचरून, नवा शर्ट घालून गेली. डॉक्टरने शंभरातून सात-सात कमी करायला सांगितलं, तर ही त्याच्यापेक्षा भरभर मोजते. जन्मभर कालवांचं वजन केलंय, तिला वजाबाकी शिकवतोय! "आजी ठणठणीत आहेत," डॉक्टर म्हणाला. घरी येताना बसमध्ये आईने मला विचारलं, "बाई, तुम्ही कुठे उतरणार?"

मोठा दादा होता तेव्हा किती सरळ होतं सगळं. एक महिना आईचं जेवण त्याच्याकडे, एक महिना तुझ्याकडे. जुन्या पंचांगाच्या एक तारखेला ती बोचकं आणि आपला वाडगा घेऊन या घरातून त्या घरात जायची. मग तो बोटीवरून परत आला नाही, तू शिन्चूला बदली घेतलीस, आणि आई "थोडे दिवस" माझ्याकडे आली. ते थोडे दिवस अजून संपायचेत. मी तक्रार करत नाही. दोनच महिने म्हणतेय.

वहिनीला नमस्कार. तिच्या आईची तब्येत आता कशी आहे?

तुझी,
बी-युन


बुदाई, २ नोव्हेंबर

प्रिय शुनदादा,

तुझा फोन आला तेव्हा आई शेजारीच होती, म्हणून मी नुसतं "हं, हं" करत राहिले. तू म्हणालास, "रविवारी येतो, मग बघू." मी त्या "येतो"वर होकार कळवून टाकला. "बघू" मला ऐकूच आलं नाही म्हण. ऐकायचं नव्हतं.

आणि मग मी माती खाल्ली. मला इतका आनंद झाला होता की आईला सांगून बसले, "आई, शुनदादाचा महिना लागतोय बरं का, न्यायला येतोय." वाटलं, दुपारपर्यंत विसरेल. सगळं विसरते ना! माझं नाव विसरते, नळ बंद करायला विसरते. हे विसरली नाही.

जुन्या पंचांगाची एक तारीख उजाडली, तेव्हा मी उठायच्या आत आईने बोचकं बांधलेलं. दोन शर्ट, लोकरीची बंडी, वाडगा, काड्या. दाराबाहेर स्टुलावर बसली. मी माशाची पेज पुढे ठेवली, तर वाडग्यावर हात धरला.

"तुझ्याकडे नाही जेवायचं मला आता. शुनचा महिना आहे."

"अगं, तो येईपर्यंत खा दोन घास."

"मुलाच्या महिन्यात लेकीकडे जेवले तर लोक काय म्हणतील त्याला? पोसत नाही म्हणतील!"

हे तुझ्यासाठी आहे, दादा. तुझी अब्रू राखत बसलीय ती.

रविवारी तू आला नाहीस. मेसेज पाहिला, कारखान्यात पाळी बदलून मिळाली नाही, खरंच असेल. ती संध्याकाळपर्यंत बाहेर बसली. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "धाकटा येतोय, गाडीने येतोय, शिन्चूहून लांब पडतं ना." गिममावशी माझ्याकडे बघून मान हलवत होती. आत बोलावलं तर म्हणे, "तो येऊन बघेल नि मी दिसणार नाही, मग जाईल परत." पाणी प्यायली, आणि माझी पाठ वळल्यावर थोडा भात. नंतर माझं लक्ष गेलं तर चोरी पकडल्यासारखी ओशाळली. तेव्हापासून तोही नाही.

रोज हेच चाललंय. मी ओरडले तिच्यावर. हातातली वाटी आपटली. मग तिचे पाय चेपत बसले.

एक गोष्ट मागच्या पत्रात लिहिली नाही. अर्जात मी लिहिलंय की या दोन महिन्यांत पुस्तक पुरं करीन. थापा. मला तिथे लिहायचं नाहीये, मला झोपायचंय. "कुणी हाक मारणार नाही" हे वाचून मी रडले होते. आणि त्याहून वाईट म्हणजे, परतीच्या तिकिटाचा विचार मी एकदाही केला नव्हता. आईला तुझ्या दारी सोडायचं, एवढाच केला होता. तूही असंच काहीसं केलंस का रे, शिन्चूला जाताना? भांडायला विचारत नाहीये. कसं जमतं ते विचारतेय.

वहिनीची आई अंथरुणाला खिळलीय, फ्लॅट एवढासा, तू दमतोस, सगळं मला दिसतं. पण तू एकदा ये. दोन महिन्यांचं राहू दे. एक दिवस ये, दारातून तिला आत घे, तुझ्या हाताने एक वाडगा भरव, आणि सांग की महिना झाला. तुझं ती ऐकेल.

वाट बघतेय. बघतोय आम्ही दोघी.

बी-युन


बुदाई, १९ नोव्हेंबर

शुनदादा,

कोंबडीच्या अर्काच्या बाटल्यांची पेटी कुरिअरने मिळाली. चांगल्या दुकानातली दिसते. आईने पेटी हातात घेतली, उलटसुलट केली आणि कुरिअरच्या माणसाच्या मागे बघत राहिली, तू त्याच्या मागून येशील म्हणून. मी बाटली उघडून दिली तर म्हणाली, "हे औषध आहे. औषध पाठवतात, जेवायला बोलावतात." पेटी बोचक्यात बांधून ठेवली. तुझ्या घरी नेणार आहे ती.

मागचं पत्र टाकलं तेव्हाच चेहरा उतरला होता तिचा. दवाखान्यात सलाईन लावलं. तिथल्या डॉक्टरने मला झापलं, "म्हाताऱ्या माणसाला जेवायला घालत नाही का?" मी काय सांगणार? घालते हो, पण माझं घातलेलं मोजत नाहीत!

शेवटी गिममावशीच वैतागून म्हणाली, "अगं, तिच्या त्या धाकट्याच्या नावाने उपास करतेय ना ती? मग दुसऱ्याचा महिना लाव! दोन मुलगे होते ना तिला?"

मी म्हटलं, "मावशी, मोठा दादा गेलाय."

"गेला म्हणून काय मुलगा नाही राहिला?"

मला ते खोटं बोलवेना. जन्मभर खरं लिहिते म्हणून मिरवलंय मी. सबंध सकाळ तशीच घुटमळले. मग भात केला, अंडं आणि खारवलेला मुळा परतला, आणि ताट देव्हाऱ्यावर मोठ्या दादाच्या फोटोपुढे ठेवलं. उदबत्ती लावली. ती संपेपर्यंत थांबले, म्हणजे तो जेवला. मग तेच ताट बाहेर आईपुढे नेलं.

"आई, मोठ्या दादाच्या घरचं आहे."

खोटं नव्हतं ना ते? आधी त्याचंच झालं होतं.

आईने ताटाकडे पाहिलं. "त्याचा महिना आहे?"

"हो."

"मग मघापासून सांगत का नाहीस? बसवलंस मला इथे!" आणि उठून आत आली. सगळं जेवली, दादा. अंड्याचा कण ठेवला नाही. तोंडात घास घेऊन म्हणते, "मोठा मीठ कमीच घालतो. शुनच्या घरचं चवीचं असतं." मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं.

तेव्हापासून रोज तसंच. ताट आधी वर, मग खाली.

लेखक-निवासात फोन करून नकार कळवला. तिथल्या बाई फार गोड बोलल्या. म्हणाल्या, "घरी काही अडचण?" मी म्हटलं, आई. त्या म्हणाल्या, "हो हो, लेखातली आई. फार सुंदर उतरलीय हो. पुढच्या वर्षी पुन्हा नक्की अर्ज करा, आईवरच करा." जागा यादीतल्या पुढच्या माणसाला गेली. कोण असेल, काय माहीत. झोपू दे बिचाऱ्याला.

कॅलेंडरवर अजून दोन लाल गोल आहेत. पाठवणार नाही. आधी वाटलं होतं, हे सगळं लिहून काढीन, कसदार लेख होईल, परीक्षक रडतील. कागदावर पहिलं वाक्य लिहिलं, "माझे दोन भाऊ आईला जेवू घालतात." पुढे हात चालेना.

मी तुझ्यावर रागावलेली नाही. रागवायला जो जोर लागतो तो संपला. तू येणार नाहीस हे मला कळलंय, आणि का येणार नाहीस तेही थोडंफार कळलंय. पण जुनं पंचांग भिंतीवर आहे आणि आई ते अजून वाचते. येत्या एक तारखेला मोठ्या दादाचा महिना संपतो, आणि त्यानंतर कुणाचा लागतो हे तिला झोपेत विचारलं तरी सांगता येईल. पुन्हा बोचकं बांधेल. पुन्हा दाराबाहेर बसेल. या वेळी थंडी असेल.

मला तिला जेवू घालायचंय. माझ्याकडे आता एकच रीत उरलीय. म्हणून एवढं कर, तुझा एक चांगला फोटो पाठवून दे. मोठ्या दादाच्या शेजारी जागा आहे.

जिचा महिना कुठल्याच पंचांगात नाही, ती तुझी बहीण,
बी-युन