कोचची मुलगी

आबा, आज सकाळी माझी मुलगी तिकडे एस्टोनियात मोसमातला शेवटचा सामना खेळत होती आणि मी इथं जगाच्या दुसऱ्या टोकाला, न्यू लिनच्या घरात लॅपटॉपसमोर बसून दुसऱ्याच कुणाच्या तरी मुलीकडे बघत होतो. याचं मूळ तुमच्यात आहे, म्हणून तुम्हालाच लिहितो. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली. नातीला तुम्ही दुपट्यात पाहिलंत, ती आता गोलकीपर आहे. हे पत्र टाकायला पेटी नाही हे मला कळतं, पण तिच्या आईशी हे बोलायची माझी हिंमत नाही.

तिथल्या बायकांच्या दुसऱ्या फळीच्या लीगमध्ये एका मोठ्या क्लबचा राखीव संघ खेळतो, त्यात ती एका मोसमापुरती गेली आहे. सकाळी कॅफेत काम करते, संध्याकाळी सराव. पहिल्या सामन्याला मैदानाच्या कडेनं बर्फाचे ढीग होते, खांबावर एकच कॅमेरा, प्रेक्षक पन्नासेक आणि एक कुत्रा. त्यांची शनिवारची संध्याकाळ म्हणजे आमची रविवारची पहाट, त्यामुळे सामना संपला की मी अवोन्डेलच्या बाजारात मेथी आणायला जातो. त्या लीगचा एक नियम आहे. राखीव संघ पहिला आला तरी त्याला वरच्या फळीत जाता येत नाही, कारण त्याच घरचा मोठा संघ आधीच तिथं बसलेला असतो. तिनं हे फोनवर सांगितलं तेव्हा मी इतका हसलो की तिची आई स्वयंपाकघरातून बघायला आली. घरचं कुणी वर बसलं असेल तर आपण खालीच राहायचं, हा नियम मी कोल्हापुरातच शिकलो होतो.

तुम्ही पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाचे कोच आणि मी एकवीस वर्षांचा राखीव गोलकीपर, दोन मोसम बाकावर. "तुला घेतला तर लोक वशिल्याचं तट्टू म्हणतील, मग मला पेठेत तोंड दाखवायला जागा राहणार न्हाई," एवढंच तुम्ही एकदा म्हणालात आणि विषय संपला. गोलात उभा राहायचा तो दुसराच एक पोरगा. सामना झाला की तुम्ही त्याला घरी जेवायला आणायचात. आई भाकऱ्या थापते आहे, मी वाढतो आहे, आणि तुम्ही तांब्या, वाट्या, लिंबाच्या फोडी मांडून बचावाची रांग कुठं उभी करायची ते त्याला समजावता आहात. मी रस्सा घेऊन आलो की तुम्ही वाट्या सरकवून जागा करता आणि पुन्हा त्याच्याकडे वळता. मी त्याच्यापेक्षा चांगला होतो की नाही, मला खरंच माहीत नाही. ते कळायची संधीच आली नाही.

एकदा आली. त्याचं बोट मोडलं आणि तुम्ही मला उभं केलंत. विसाव्या मिनिटाला एक साधा चेंडू माझ्या दोन पायांमधून आत गेला आणि सगळं स्टेडियम हसलं. तुम्ही हात वर करून मला बाहेर बोलावलंत, एका बचावपटूला गोलात उभं केलंत. मी शर्ट काढून त्याला देतो आहे आणि तुम्ही मैदानाकडे बघता आहात. शिवी दिली असतीत तरी चाललं असतं.

आता त्या दुसऱ्या मुलीबद्दल. माझ्या मुलीची कोच पन्नाशीची बाई आहे आणि तिची स्वतःची मुलगी त्याच संघात उजव्या बाजूला बचावाला खेळते, दर सामन्यात, पहिल्या मिनिटापासून. हे कळलं तेव्हा मी विचारलं, "मग लोक काही बोलत नाहीत?" माझी मुलगी म्हणाली, "व्हाय वुड दे? शी इज हीप्स गुड, बाबा." म्हणजे लय भारी खेळते. तेव्हापासून माझ्या पोटात दुखायला लागलं. चोपन्न वर्षांचा माणूस मी, केस पिकलेत, आणि विशीतल्या एका परक्या पोरीवर जळतो. तिचा पास चुकला की मला बरं वाटतं. तिची आई बाहेरून तिच्यावर ओरडते, त्यातलं अक्षर मला कळत नाही, पण ते ओरडणं ऐकूनही माझा जळफळाट होतो. माझ्या मुलीनं चार गोल खाल्ले त्या दिवशीसुद्धा मी तिला आधी विचारलं की कोच आपल्या पोरीला काय म्हणाली. ती म्हणाली, "बाबा, यू ऑलवेज आस्क अबाउट हर." मी विषय बदलला.

आज जिंकलो तर आम्ही पहिले, असा सामना होता. आम्ही एका गोलनं पुढं. शेवटच्या पाच मिनिटांत त्या कोचच्या मुलीनं गोलासमोर समोरचीला पाडलं आणि पेनल्टी दिली गेली. खरं सांगतो, मला आनंद झाला. आता बघू ही आई काय करते, असं म्हणून मी पुढं सरकून बसलो. पोरगी मान खाली घालून कडेला आली. आईनं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, दोन-तीन शब्द बोलली आणि तिला ढकलून परत मैदानात पाठवलं. एवढंच. मी अजून त्या दोघींकडेच बघत होतो आणि त्याच वेळी स्पीकरमधून ओरडा झाला. मी गोलाकडे बघितलं तोवर सगळ्या जणी माझ्या मुलीच्या अंगावर पडल्या होत्या.

तासाभरानं तिचा फोन आला. आम्ही पहिले आलो होतो आणि अर्थातच वर कुणीच जाणार नव्हतं, पण तिला त्याचं काही नव्हतं. "यू सॉ माय सेव्ह, राइट?"

"बघितली ना. काय झेप घेतलीस."

ती म्हणाली, "आय डिडन्ट डाइव्ह, बाबा. आय जस्ट स्टुड देअर." ती जागची हललीच नव्हती, चेंडू सरळ तिच्या हातात आला होता. "इट्स ऑल गुड," ती म्हणाली आणि आईला फोन द्यायला सांगितला.

सामन्याचं रेकॉर्डिंग आहे, मागं नेलं की दोन मिनिटांचं काम. मेथी आणायला गेलोच नाही. या दोघी बोलत असताना खोलीचं दार लावून मी ते लावलं, पेनल्टीच्या थोडं आधीपासून. आबा, तेव्हाही मी त्या मायलेकींकडेच बघितलं.