सापमुक्त अंगण

२ मे
आजपासून रोज लिहायचं. केलेल्या कामाची नोंद राहिली पाहिजे.
शेजारच्या सायपन बेटावरून अनिसियाताईचा फोन. तिच्या मुलाचं लग्न ठरलं, अठ्ठावीसला. म्हटलं, कोंबड्या भाजायची चूल मामाकडून. तेलाचं पिंप आडवं कापून अशी चूल करणारा अख्ख्या ग्वाममध्ये मी एकटाच. रुफिना म्हणाली, हो, बाकीचे दुकानातून आणतात. बायकोला कलेचं वावडं.

३ मे
ताईचा पुन्हा फोन. चूल खुशाल पाठव म्हणाली, पण तिच्यातून साप नको पाठवूस. तुमच्याकडचे पक्षी सापांनी संपवले, आमचे अजून आहेत.
लागलं. अंगण सापमुक्त करूनच दाखवतो! साप-नियंत्रणाच्या ऑफिसातून तीन पिंजरे आणले. आत जाळीच्या वेगळ्या खोलीत उंदीर. त्याच्या वासाने साप शिरतो, उंदराला धक्का लागत नाही. तिथली बाई बरंच काही समजावत होती. मला सगळं ठाऊकच असल्याने नुसती मान हलवली.

५ मे
शेजारचं मांजर पिंजऱ्यात पंजा घालतं. उंदीर बिचारे थरथरतात. तिन्ही पिंजऱ्यांची तोंडं तारेने घट्ट बांधली. ऑफिसवाल्यांना हे सुचलं नव्हतं.

९ मे
साप शून्य.

१२ मे
शून्य. उंदीर मात्र बाळसं धरताहेत. रुफिना म्हणाली, अरे, साप आत शिरणार कुठून? म्हटलं, शिरायला आधी साप असावा लागतो. कपाळावर हात मारून आत गेली. पटलं असावं.

१४ मे
चूल तयार. लाल रंग दिला. वाळायला नीरफणसाखाली ठेवली. अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन झाडं, कुंपण बघा, असं ऑफिसने बजावलंय. गुडघा दुखतोय. उद्यापासून नक्की.

१५ मे
पाऊस. उद्यापासून.

१८ मे
अजून शून्य. अंगण सापमुक्त झाल्याचं आज चर्चबाहेर जाहीर केलं. लोक हसले. कौतुकानेच.

२० मे
चूल घेऊन रुफिनाबरोबर बंदरावर. तिथे प्रत्येक सामान कुत्र्याकडून हुंगवून घेतात. तपासनीस मेस्न्गॉन यांना म्हटलं, माझ्या घरून आलंय, वेळ कशाला घालवता? शून्याचा आकडाही सांगितला. ते म्हणाले, मामा, मला पटलं हो, पण आमच्या या कुत्रीला आकडे कळत नाहीत.
पिका कुत्रीने चुलीला एक फेरी मारली आणि समोर फतकल मारून बसली. म्हटलं, कोंबडीचा वास येत असेल. मेस्न्गॉन म्हणाले, कोंबडीसाठी ती बसत नाही.
झाकण उघडलं. राखेच्या ताटलीत वेटोळं. माझ्या हाताएवढा लांब. रुफिना हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.
चूल बोटीवर घेतली नाही.

२० मे, संध्याकाळ
ताईला फोन. ओरडेल म्हणून उत्तरं तयार ठेवली होती. ओरडलीच नाही. म्हणाली, कोस्मे, तो इथे उतरला असता तर रे?
फोन ठेवला आणि पक्कड शोधली.

२१ मे
पिंजऱ्यांच्या तारा काढल्या. प्रयोगाचा दुसरा टप्पा.

२२ मे
तीन पिंजरे, दोन साप. रुफिनाला म्हटलं, बघ, पद्धत माझीच. ती म्हणाली, हो, फक्त तारेशिवाय. ऑफिसवाले येऊन साप घेऊन गेले.

२८ मे, सायपन
लग्न छान झालं. कोंबड्या दुकानातल्या चुलीवर भाजल्या. जरा सुक्या. तीनदा वाढून घेतल्या, अंदाज पक्का करायला.

२९ मे, सायपन
उजाडायच्या आधीच पक्ष्यांनी उठवलं. काय तो गोंगाट! एक थांबला की दुसरा. ताईला विचारलं, रोज असं चालतं? म्हणाली, रोज. तक्रार करणार होतो. केली नाही.
कॉफी घेऊन पायरीवर बसलो. ती म्हणाली, आपल्याकडेही होतं असं. मी सासरी आले तेव्हा तू एवढासा होतास. आठवतं ना?
म्हटलं, न आठवायला काय झालं?
समोरच्या झाडात एक शीळ घालत होता. म्हटलं, हा तर मी आवाजावरून ओळखतो.
तिने विचारलं, कुठला?
म्हटलं, कॉफी निवतेय.